तलावाच्या पाळीवरचा वीरगळ: बदलत्या उजेडातून खोली मोजण्याचे एक प्रकरण

ब्रह्मपुरी तालुक्यातील धानपट्ट्यातल्या एका गावाच्या पश्चिमेस जुना मालगुजारी तलाव आहे आणि त्याच्या पाळीच्या पायथ्याशी, गावाकडे म्हणजे पूर्वेकडे तोंड करून, वालुकाश्माचा सुमारे चार फूट उंचीचा एक वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, उभा आहे. गावकरी त्याला ‘वीर’ म्हणतात, त्याच्या वरच्या भागाला शेंदूर आणि तेल लावतात आणि धानाची रोवणी सुरू होण्याआधी तिथे नारळ फोडतात. दगड संरक्षित स्मारकांच्या यादीत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोलीकडचा वालुकाश्म कोरायला सोपा असला तरी उन्हापावसात त्याचे कण सुटत जातात. वैनगंगेकाठच्या मार्कंडा येथील देवळांवरही ही झीज पाहायला मिळते. या वीरगळावरचे कोरीव काम आता इतके उथळ झाले आहे की बऱ्याच ठिकाणी त्याचा उठाव दोन-तीन मिलिमीटरहून अधिक उरलेला नाही.

ग्रामपंचायतीने या दगडाभोवती सिमेंटचा ओटा बांधण्याचे ठरवले तेव्हा दगडावरचा खालचा एक कोरीव पट्टा ओट्यात गाडला जाईल हे काही तरुणांच्या लक्षात आले. त्या पट्ट्यावर नेमके काय आहे याबद्दल गावात एकमत नव्हते. काहींना तिथे घोडे दिसत, काहींना गायी, आणि दोन पट्ट्यांमधल्या आडव्या कडेवर अक्षरे आहेत असे जुनी माणसे ठामपणे सांगत. ओट्याचे काम सुरू होण्याआधी दगडाची त्रिमितीय नोंद करावी, ती दगडाला हात न लावता करावी आणि शेंदूर खरवडू नये, अशी विनंती घेऊन ते तरुण आमच्या संगणकशास्त्र विभागात आले. पुढील वर्णन त्या कामाचे आहे. यात कॅमेरा आणि उजेड यांपैकी काय हलवायचे आणि काय स्थिर ठेवायचे हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरला, म्हणून त्याला मी जास्त जागा दिली आहे.

मोबाइलने केलेली पहिली नोंद

तरुणांनी आधीच एक प्रयत्न केला होता. दगडाभोवती अर्धवर्तुळात फिरत त्यांनी मोबाइलने बरीच छायाचित्रे काढली आणि ती मोफत मिळणाऱ्या एका संगणकप्रणालीत घालून त्रिमितीय प्रतिकृती बनवली. या पद्धतीचे तत्त्व आपल्या दोन डोळ्यांचेच आहे. एकच बिंदू दोन वेगळ्या जागांवरून पाहिला की चित्रात तो थोडा सरकलेला दिसतो आणि त्या सरकण्यावरून त्याचे अंतर काढता येते. मात्र त्यासाठी दोन्ही चित्रांतला बिंदू एकच आहे हे संगणकाला ओळखता यावे लागते. ही ओळख तो ठिपक्याभोवतीच्या उजळ आणि गडद भागांच्या नक्षीवरून पटवतो. डेव्हिड लो यांनी १९९९ मध्ये मांडलेली आणि २००४ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केलेली, चित्रांतल्या अशा खुणा जुळवणारी सिफ्ट पद्धत संपूर्ण चित्र थोडे उजळ किंवा गडद झाले तरी डगमगत नाही, परंतु उजेडाची दिशाच बदलली तर नक्षीच बदलते आणि तिथे या पद्धतीचा इलाज चालत नाही.

त्या सकाळी दगडाच्या आग्नेयेला असलेल्या कडुनिंबाच्या फांद्यांमधून ऊन झिरपत होते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो. दगडापासून तीन मीटरवर असलेल्या फांदीची सावली तेवढ्या वेळात साधारण पाच सेंटिमीटर सरकते. ज्या पृष्ठभागावरचा सगळा उठावच दोन-तीन मिलिमीटरचा आहे, त्याच्यावरून पाच सेंटिमीटर सरकणारी, काठ ठळक असलेली सावली ही संगणकाला सर्वांत भरवशाची खूण वाटते. अशा खुणा जुळवल्या गेल्या की त्या जागी नसलेली खोली तयार होते. तरुणांच्या प्रतिकृतीत वीराच्या छातीवर जो तिरपा खड्डा दिसत होता, तो एका फांदीच्या सावलीने तयार केलेला होता. बाकी दगड मात्र साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत आला होता.

हा गुळगुळीतपणा केवळ सावलीमुळे आला नव्हता. दोन जागांवरून मोजलेल्या खोलीतली चूक ही दगडापर्यंतचे अंतर आणि कॅमेऱ्याच्या दोन जागांमधले अंतर यांच्या गुणोत्तराने वाढते. दगड दोन मीटरवर, कॅमेरा चाळीस सेंटिमीटर सरकवलेला, एक पिक्सेल दगडावर पाव मिलिमीटरचा आणि जुळणीतली चूक अर्ध्या पिक्सेलची धरली, तर खोलीतली चूक अर्ध्या मिलिमीटरच्या थोडी वर जाते. प्रणाली हा खडबडीतपणा लपवण्यासाठी शेजारच्या ठिपक्यांची सरासरी घेते आणि त्या सरासरीत झिजलेले कोरीव काम पुसले जाते. थोडक्यात, निर्दोष उजेडातही केवळ या मार्गाने गायी की घोडे हे ठरवता आले नसते.

नवतप्यातली दुपार

पहिल्या पाहणीच्या वेळी दगडाजवळच राहणाऱ्या एका वृद्ध बाबाजींनी सांगितले, “नवतप्यात भर दुपारी या मास्तर, तवा गाई दिसतेत.” नवतपा म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस. हे वाक्य आम्ही वहीत लिहून घेतले, कारण त्यात भूमितीच्या दृष्टीने पूर्ण तथ्य आहे.

दगडाचे तोंड पूर्वेला असल्याने सकाळचे ऊन त्याच्यावर समोरून पडते आणि समोरून पडलेला उजेड उठाव सपाट करून टाकतो. माध्यान्हीला सूर्य दक्षिणोत्तर प्रतलात येतो. हे प्रतल दगडाच्या तोंडाशी समांतर असल्याने त्या काही मिनिटांत ऊन दगडाला घासून जाते आणि दीड मिलिमीटरच्या कडेचीही लांब सावली पडते. असे रोजच घडते, पण ऊन कोणत्या बाजूने घासते हे ऋतूवर ठरते. डिसेंबरच्या अखेरीस या अक्षांशावर माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवर, दक्षिणेला असतो, म्हणजे दगडासमोर उभे राहिलेल्या माणसाला ऊन डाव्या हाताने, वरून तिरपे येते. मेच्या अखेरीस, नवतपा लागतो त्या सुमारास, सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि ऊन दगडावरून सरळ खाली घसरते. वरून घासणारा उजेड आडव्या कडा उठवतो. जनावरांच्या पाठी आडव्याच असतात. बाबाजींनी सांगितलेली वेळ म्हणजे वर्षातली ती वेळ, जेव्हा खालच्या पट्ट्यातल्या पाठींवर उजेड आणि त्यांच्या पोटाखाली सावली पडते.

मग सूर्यावरच विसंबून दिवसभर एका जागी कॅमेरा लावून काम का केले नाही, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारला आणि तो रास्त होता. त्याचे उत्तर देण्यासाठी उजेडावरून खोली कशी काढतात हे आधी सांगावे लागेल.

जोहान लँबर्ट याने १७६० मध्ये मांडलेल्या नियमानुसार, चकाकी नसलेल्या पृष्ठभागाचा एखादा ठिपका किती उजळ दिसेल हे दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते. एक, तो ठिपका मुळात किती उजेड परत फेकतो. आणि दोन, उजेडाची दिशा व त्या ठिपक्यावरचा लंब यांच्यातल्या कोनाची कोज्या. एकाच छायाचित्रावरून आकार काढण्याचा प्रश्न बर्थोल्ड हॉर्न यांनी १९७० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या प्रबंधात हाताळला, पण एका ठिपक्यासाठी समीकरण एक आणि अज्ञाते अधिक अशी तिथे अडचण असते. रॉबर्ट वुडहॅम यांनी १९८० मध्ये यावर सरळ तोड दिली: कॅमेरा जराही हलवू नये, उजेड मात्र किमान तीन ज्ञात दिशांनी पाडावा. ठिपक्याची तीन समीकरणे मिळतात, अज्ञातेही तीनच असतात, आणि लंबाची दिशा व पृष्ठभागाची परावर्तनक्षमता ही दोन्ही वेगळी काढता येतात. शेंदराचा डाग आणि कोरलेला खड्डा यांतला फरक या पद्धतीला कळतो, कारण डाग उजेडाची दिशा बदलली तरी डागच राहतो.

अट एवढीच की त्या दिशा एकाच प्रतलात असता कामा नयेत. इथे सूर्याची अडचण येते. विषुवदिनी, म्हणजे मार्चच्या २०-२१ तारखेला आणि सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला, सूर्य दिवसभर आकाशात ज्या मार्गाने जातो तो पाहणाऱ्यापासून काढलेल्या एका प्रतलातच असतो. त्या दिवशी शंभर छायाचित्रे घेतली तरी तिसरे अज्ञात सुटत नाही. नवतप्याच्या सुमारास हा मार्ग त्या प्रतलापासून सुमारे २१ अंश बाजूला झालेला असतो, त्यामुळे गणित तत्त्वतः सुटते आणि सूर्याच्या मार्गावरून आकार काढण्याचे संशोधनही २०१२ पासून प्रसिद्ध झालेले आहे. परंतु आमच्या दगडावर त्या दिवशी सकाळचे ऊन समोरून व थोडे उजवीकडून येते आणि दुपारी डोक्यावर जाते. डाव्या बाजूने ते कधीच येत नाही. डावीकडे कललेल्या उतारांची माहिती त्यामुळे फारच कच्ची राहिली असती. त्यात निळ्या आकाशाचा सगळीकडून येणारा उजेड मिळवला की दिवसाचा मार्ग बाद ठरतो. आम्ही रात्री काम करण्याचे ठरवले.

रात्रीचे काम

अमावास्येजवळची रात्र निवडली. ग्रामपंचायतीने पाळीजवळच्या खांबावरचा दिवा तेवढ्यापुरता बंद ठेवला. जड तिपाईवर लावलेला कॅमेरा दगडासमोर बसवून त्याचे फोकस, भिंगाचे छिद्र आणि उघडीपीचा वेळ हाताने ठरवून दिला. मोबाइलचा कॅमेरा येथे मुद्दाम वापरला नाही. तो प्रत्येक चित्रात उजळपणा स्वतःहून सारखा करतो आणि गडद भाग उचलून दाखवतो, त्यामुळे चित्रातला आकडा आणि दगडावरून आलेला उजेड यांचे सरळ प्रमाण राहत नाही. आम्हाला हवे होते ते प्रक्रिया न केलेले मूळ आकडे, म्हणून चित्रे रॉ स्वरूपात घेतली.

उजेडासाठी एका लांब बांबूच्या टोकाला प्रखर एलईडी दिवा बांधला. दिवा दगडाच्या उंचीच्या किमान चारपट दूर असावा म्हणजे किरण बरेचसे समांतर येतात, हा दंडक पाळण्यासाठी दिव्यापासून दगडाच्या मध्यापर्यंत पाच मीटरचा दोर ताणला जाई. दिवा जागेवर आला की दोर बाजूला घेऊन चित्र घ्यायचे, अशी शिस्त ठेवली. अशा चाळीसेक दिशा घेतल्या: उजवीकडून, डावीकडून, वरून, समोरून, आणि जमिनीलगत खालूनही.

दिवा नेमका कोणत्या दिशेला होता हे समजण्यासाठी चित्राच्या कडेला एक चकचकीत गोळा ठेवावा लागतो. तो आम्हाला गावातल्याच भातगिरणीच्या जुन्या बेअरिंगमधून मिळाला: साधारण इंचभर व्यासाचा पोलादी छर्रा, काळा रंग देऊन चमकवलेला. दिव्याचा चकाकणारा ठिपका छऱ्यावर जिथे पडतो, तिथला लंब हा कॅमेऱ्याची दिशा आणि दिव्याची दिशा यांच्या बरोबर मध्ये असतो; गोळ्याचा आकार ठाऊक असल्याने तो लंब काढता येतो आणि त्यावरून दिव्याची दिशा मिळते. आमच्या चित्रात छर्रा जेमतेम शंभर पिक्सेल रुंद येत होता. ठिपका एका पिक्सेलने चुकला तर लंब एका अंशाहून थोडा अधिक आणि दिव्याची दिशा त्याच्या दुप्पट, म्हणजे दोन अंशांहून अधिक चुकते. त्यामुळे दोराच्या मापावरूनही दिशा पडताळून घेतल्या. पुढच्या कामासाठी याच्या दुप्पट व्यासाचा गोळा मिळवणे योग्य ठरेल.

तलावाकाठी रात्री प्रखर दिवा लावला की किडे येणारच. त्यांच्या उडण्याच्या पांढऱ्या रेघा काही चित्रांत आल्या. त्यासाठी प्रत्येक दिशेला एकापाठोपाठ अनेक चित्रे घेऊन प्रत्येक पिक्सेलची मधली किंमत घेतली आणि रेघा निघून गेल्या.

शेंदूर

खरी अडचण शेंदराची होती आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग तोच आहे. लँबर्टचा नियम चकाकी नसलेल्या पृष्ठभागाला लागू पडतो. तेलात कालवलेला शेंदूर चकाकतो. ज्या दिशेने उजेड येतो त्या बाजूला कललेल्या उतारांवर चकाकीचा पांढरा पट्टा उमटतो आणि गणित तिथे नसलेला उतार दाखवते. झिजलेला वालुकाश्मही आदर्श नाही. त्याच्या खडबडीत कणांमुळे कडांचा उजळपणा नियमाने सांगितल्यापेक्षा कमी घटतो. मायकेल ओरेन आणि श्री नायर यांनी १९९४ मध्ये खडबडीत पृष्ठभागांसाठी सुधारित नियम दिला तो याच कारणाने. पण दगडाच्या खडबडीतपणाने येणारी चूक सौम्य आणि सगळीकडे सारखी असते. चकाकीची चूक ठळक आणि सरकती असते.

स्टीव्हन शेफर यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार रंगीत पृष्ठभागावरून येणाऱ्या उजेडाचे दोन भाग पडतात. रंगद्रव्याच्या आत शिरून बाहेर येणाऱ्या भागाला पृष्ठभागाचा रंग असतो, तर वरच्या तेलकट थरावरून परतणाऱ्या चकाकीला दिव्याचाच रंग असतो. शेंदूर तांबडा उजेड भरपूर परत फेकतो आणि निळा जवळजवळ शोषून घेतो. याचा अर्थ असा की शेंदरी भागाच्या निळ्या वाहिनीत, म्हणजे चित्रातल्या फक्त निळ्या उजेडाच्या नोंदीत, जे काही उजळ दिसते ते बहुतांशी चकाकीच असते. पांढऱ्या फळ्यावर (त्याचे वर्णन पुढे येते) तांबडी, हिरवी आणि निळी अशा तिन्ही वाहिन्या सारख्या करून घेतल्यावर तांबड्यातून निळे वजा केले की चकाकी निघून जाते आणि उताराची माहिती देणारा भाग उरतो. वजाबाकीनंतर वीराच्या खांद्यावरचा पांढरा पट्टा नाहीसा झाला आणि त्याखालून कमरपट्ट्याच्या दोन समांतर कडा दिसू लागल्या. ते चित्र पडद्यावर उघडले तेव्हा पाहणारे सगळे पुढे झुकले.

तरीही एक मर्यादा स्पष्टपणे लिहून ठेवणे आवश्यक आहे. वरच्या भागात मोजला गेलेला पृष्ठभाग शेंदराच्या पुटांचा आहे. वर्षानुवर्षे चढलेल्या थरांखाली दगडाचा मूळ आकार कसा आहे हे कोणताही उजेड सांगू शकत नाही. वीराच्या उजव्या हातात तलवार आहे की आणखी काही, हे म्हणून आम्ही नोंदीत ‘अनिर्णित’ असेच लिहिले. शेंदूर काढून पाहण्याची सूचना एका पाहुण्याने केली होती. गावाने ती नाकारली आणि आमच्या दृष्टीनेही ते योग्यच झाले.

उतारापासून खोलीकडे

या पद्धतीतून मिळतात ते प्रत्येक ठिपक्याचे उतार. खोली मिळवण्यासाठी ते एकापुढे एक जोडत जावे लागतात, आणि रॉबर्ट फ्रँकॉट व रामा चेल्लप्पा यांची १९८८ मधली पद्धत किंवा तिच्या नंतरच्या सुधारित रीती यासाठी वापरल्या जातात. जोडणीत लहान चुका साठत जातात. शेजारच्या दोन ठिपक्यांमधला फरक अतिशय अचूक येतो, पण दगडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचेतोवर पृष्ठभाग भलतीकडे वाकलेला असतो. आमच्या पहिल्या निकालात दगडाचा मध्य चांगलाच फुगलेला आला, जरी दगडावर आडवा ताणलेला दोरा तो जवळजवळ सपाट असल्याचे दाखवत होता.

फुगवट्याचे मुख्य कारण दिव्याचे अंतर होते. पाच मीटर हे चार फुटांच्या मानाने मोठे असले तरी अनंत नाही. दिवा डावीकडे असला की दगडाची डावी कड उजवीपेक्षा त्याला जवळ असते, आणि उजेड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असल्याने ती अधिक उजळते. गणित त्या वाढीव उजेडाला डावीकडचा उतार समजते. यावर उपाय म्हणून प्लायवूडच्या सपाट फळ्याला पांढरा डिस्टेंपर देऊन, प्रत्येक दिव्याच्या जागी आधी फळ्याचे आणि मग फळा बाजूला करून दगडाचे, अशी चित्रे घेतली होती. फळा सपाट असल्याने त्याच्यावर दिसणारा असमानपणा संपूर्णपणे दिव्याचाच असतो. दगडाच्या चित्राला फळ्याच्या चित्राने भागले की तो असमानपणा जातो. भागाकारानंतर फुगवटा बराच कमी झाला, पण गेला नाही.

उरलेला बाक काढण्यासाठी दुसऱ्या पद्धतीची मदत घेतली. मृगाच्या तोंडावरच्या एका ढगाळ सकाळी, सावलीच पडत नसताना, कॅमेरा दगडाभोवती फिरवून पुन्हा छायाचित्रे घेतली. दगडाशेजारी ठरावीक अंतरावर खुणा केलेली पट्टी उभी केली. ढगाळ आकाशाचा उजेड सगळीकडून सारखा येतो, त्यामुळे कॅमेरा हलला तरी दगडावरची नक्षी तीच राहते. यातून मिळालेली प्रतिकृती बारकाव्यात गुळगुळीत होती, पण तिचा एकूण आकार व माप विश्वासार्ह होते. डिएगो नेहाब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलेल्या रीतीने, ठळक आकार ढगाळ सकाळच्या प्रतिकृतीतून आणि बारीक उठाव रात्रीच्या उतारांमधून घेऊन दोन्ही एकत्र केले. अंतिम निकाल पट्टीच्या मापाशी आणि दोऱ्याच्या सपाटपणाशी जुळला.

काय दिसले

वरच्या टोकाशी एक गोल खूण आहे. खालून बॅटरी मारून काढलेले तिचे छायाचित्र तरुणांनी गावाच्या व्हॉट्सॲप गटात टाकले होते आणि तो खड्डा असल्याचे सर्वांनी मान्य केले होते. नवस फेडताना टिकली किंवा नाणे बसवण्याची जागा, असा त्याचा अर्थही लावला गेला होता. माणसाचा डोळा उजेड वरून येतो असे गृहीत धरतो, त्यामुळे खालून उजळलेला उंचवटा खोलगट दिसतो. संगणकालाही उजेडाची दिशा सांगितली नाही तर तोच पेच पडतो. पीटर बेलह्यूमर, डेव्हिड क्रिगमन आणि ॲलन युइल यांनी १९९९ मध्ये सिद्ध केले आहे की उजेडाच्या दिशा अज्ञात असतील तर मूळ आकार आणि त्याचाच दाबलेला, कललेला किंवा आतबाहेर उलटलेला आकार यांत छायाछटांवरून भेद करता येत नाही. छऱ्यावरून दिशा ठरलेल्या असल्याने आमच्या निकालात संदिग्धता उरली नाही: खूण उठावाची तबकडी आहे आणि तिच्या शेजारी झिजलेली चंद्रकोर आहे. महाराष्ट्रातल्या वीरगळांवर सूर्य-चंद्र नेहमी आढळतात. स्मृती सूर्य-चंद्र असेतोवर टिकावी, हा त्यांचा अर्थ.

खालच्या पट्ट्यात चार पायांची जनावरे एका रांगेत आहेत. शिंगे उरलेली नाहीत, तोंडेही झिजली आहेत, आणि नुसत्या बाह्यरेषेवरून त्यांना घोडे म्हणणाऱ्यांचा दोष नव्हता. पहिल्या जनावराच्या मानेपासून शेपटीपर्यंत पाठीच्या रेषेवर खोलीचा छेद घेतला. मान संपते तिथे रेषा वर चढते, बोटभर रुंदीच्या जागेत सुमारे दोन मिलिमीटरचा गोलसर उंचवटा येतो आणि मग पाठ सरळ जाते. घोड्याला तिथे असा उठून दिसणारा गोलसर उंचवटा नसतो. ते वशिंड आहे. दुसऱ्या जनावरावरही त्याच जागी तसाच उंचवटा सापडला, तिसऱ्याचा तो भाग फुटलेला आहे. जनावरे गोवंशाची आहेत असे म्हणायला हा आधार पुरेसा वाटतो, आणि गाईगुरे पळवणाऱ्यांशी लढताना पडलेल्या वीराचे स्मारक या नेहमीच्या प्रकारात हा दगड बसतो. वशिंडाचा उंचवटा बाबाजींना समजावून सांगितला तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. त्यांच्यासाठी त्यात नवे काही नव्हते.

अक्षरांबद्दलचा निकाल गावाला आवडला नाही. दोन पट्ट्यांमधल्या आडव्या कडेवर ज्या खुणा आहेत त्या एकाच दिशेने कललेल्या, जवळपास सारख्या अंतरावरच्या आणि सारख्या खोलीच्या रेघा आहेत. लेख कोरताना अक्षरांना वळणे येतात, उभ्या रेषा आणि मधल्या जागा यांचे अंतर बदलते. इथे तसे काहीही नाही. त्या पाथरवटाच्या टाकीचे घाव आहेत, कड सपाट करताना राहिलेले. काही जणांनी प्रतिकृतीचा उठाव दहापटीने वाढवून पुन्हा पाहण्याचा आग्रह धरला आणि तसे करूनही दाखवले, पण वाढवलेल्या उठावात कोणत्याही रेघेत अक्षर दिसू लागते हे तिथेच सांगितले आणि नोंदीसाठी खऱ्या प्रमाणातलीच प्रतिकृती ठेवली.

ग्रामसभेत खालच्या पट्ट्याची छापील प्रतिमा फिरवल्यानंतर ओट्याची रचना बदलली. दगडाच्या समोरची बाजू मोकळी ठेवून ओटा तीन बाजूंनी बांधायचा आणि सिमेंट दगडाला भिडू द्यायचे नाही, असे ठरले. नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक गावातल्या शाळेच्या संगणकावर ठेवली आहे. त्यात तयार प्रतिकृतीबरोबर सगळी मूळ छायाचित्रे, फळ्याची चित्रे आणि प्रत्येक दिव्याच्या दिशेची यादी आहे, कारण उद्या अधिक चांगली गणितपद्धत आली तर ती या मूळ आकड्यांवरच चालवावी लागेल.

वीरगळापासून जवळच दुसऱ्या एका दगडाचा फुटका तुकडा आहे. तो पाळीच्या आतल्या बाजूला, तलावाच्या पोटात, तोंड वर करून आडवा पडलेला असतो आणि पाणी आटल्यावरच उघडा पडतो. त्याच्यासाठी मांडणी वेगळी लागेल: आडव्या तोंडावर नवतप्यातली दुपार निरुपयोगी असते, सकाळ-संध्याकाळचे ऊन मात्र त्याला दोन विरुद्ध बाजूंनी घासून जाते. कॅमेरा वरून खाली पाहणारा लावावा लागेल, त्यासाठी बांबूची चौकट करण्याचे काम गावातल्या सुताराने घेतले आहे, आणि ओल्या चिखलाची चकाकी जाईपर्यंत तुकडा पुरता सुकू द्यायचा असे ठरले आहे.